मोल सांगणाऱ्याचा धर्म

माझा भाचा स्थापत्य अभियंता आहे. सात वर्षे बांधकामांवर उन्हातान्हात काढल्यावर स्थावर मिळकतीचा नोंदणीकृत मूल्यांकनकार, म्हणजे लोकांच्या तोंडी ज्याला ‘व्हॅल्युअर’ म्हणतात तो, व्हावे असे त्याच्या मनाने घेतले. आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी गेल्या पावसाळ्यात तो दोन महिने आमच्या घरी राहावयास आला. घर जुने, माणसे दोनच, आणि मामीच्या हातचा चहा वेळी-अवेळी मिळण्याची खात्री. अभ्यासाला याहून सोयीची जागा ती कोणती? रात्री तो माजघरात पुस्तके पसरून बसे आणि मी पलीकडे आरामखुर्चीत पडून त्याचे पुटपुटणे ऐकत असे.

एका रात्री त्याने पुस्तक मिटले व म्हणाला, “मामा, तुम्ही जन्मभर मुलांना खरे-खोटे शिकवलेत. माझ्या एका शंकेचे उत्तर द्या.”

शंका अशी होती. काम शिकावे म्हणून तो आठवड्यातून दोन दिवस एका वयस्कर मूल्यांकनकाराच्या कचेरीत जाऊन बसत असे. तेथे कर्ज देणाऱ्या एका संस्थेकडून शहराबाहेरच्या एका बंगलीचे कागद आले. भाच्याने बंगली पाहिली, मापे घेतली, आजूबाजूचे व्यवहार तपासले. त्याच्या हिशेबाने किंमत एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास येत होती. परंतु कागदांच्या वेष्टनावर कोणीतरी पेन्सिलीने अगोदरच ‘एक साठ’ असे लिहून ठेवले होते. एवढी किंमत झाल्याशिवाय मागणाऱ्याला हवे तितके कर्ज बसत नव्हते. “वाईट हे नाही, मामा,” तो म्हणाला. “वाईट हे की, एक साठ हा आकडा खोटा आहे असे मला सिद्ध करता येत नाही. चार व्यवहारांपैकी एक सोडून दुसरा घेतला, घसारा थोडा कमी धरला, कोपऱ्याच्या जागेचा फायदा थोडा जास्त धरला, की एक साठ येतात. त्यातले एकही पाऊल नियमाबाहेरचे नाही. मग त्यावर सही करणे म्हणजे खोटे बोलणे कसे?”

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. ‘मनाला पटत नसेल तर करू नये’ असे काहीतरी मी बोललो. पण ते उत्तर नव्हे, ती केवळ वडीलकीची सुटका होती, हे त्याच्याही ध्यानात आले असावे. पुढे बरेच दिवस तो प्रश्न माझ्या मागे लागला. त्याचा जो काही उलगडा मला झाला तो वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हा धंदा काय आहे व त्यात शिरण्याची वाट कोणती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्याकडे संपत्तिकराच्या कायद्याखाली मूल्यांकनकारांची नोंदणी १९७२ पासून होत असे. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. आज कंपन्यांच्या व दिवाळखोरीच्या कामी जे मूल्यांकन लागते ते कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ प्रमाणे आणि त्याखालील २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या माणसानेच करावयाचे असते. जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता असे मिळकतीचे तीन वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गासाठी स्थापत्यशास्त्राची, वास्तुशास्त्राची किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव हवा. पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षे पुरतात. मग एखाद्या मान्य संघटनेचे सभासद होऊन पन्नास तासांचा पाठ्यक्रम पुरा करावयाचा, आणि त्यानंतर भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची परीक्षा. परीक्षा संगणकावर, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरे छापलेली, त्यांतले एक निवडावयाचे. शेकडा साठ गुण मिळाले तर उत्तीर्ण. आणि चुकीच्या उत्तराला त्याच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा. बँका यांखेरीज आपापल्या याद्या ठेवतात आणि त्या याद्यांत नाव असल्यावाचून कर्जाची कामे मिळत नाहीत. भाचा एकदा हसून म्हणाला होता, “ज्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, ती पास होऊन ज्या धंद्यात कोणत्याच प्रश्नाला एक उत्तर नाही त्यात मी शिरणार.” हसण्यावारी नेलेले हे वाक्यच साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे.

सराफाकडे सोने नेले तर त्याच्यापाशी कसोटीचा दगड असतो आणि तराजू असतो. भाव सकाळी ठरलेला असतो. जमिनीला असा दगड नाही. आपल्या भाषेत ‘मातीमोल’ हा शब्द ज्या काळी रूढ झाला त्या काळी माती फुकट असावी. आज पुण्या-मुंबईत कोणी मातीमोल भावाने काही घ्यावयास निघाला तर त्याचे दिवाळेच वाजेल. पण माती महाग झाली म्हणून तिचे मोल अधिक निश्चित झाले असे मात्र नाही. शास्त्राने त्यासाठी तीन वाटा सांगितल्या आहेत. शेजारच्या तशाच मिळकती कितीला गेल्या ते पाहणे ही पहिली. जागेच्या किमतीत इमारत पुन्हा बांधावयाचा खर्च मिळवून त्यातून झीज वजा करणे ही दुसरी. आणि मिळकतीपासून वर्षाला जे भाडे येते त्यावरून तिचे भांडवली मोल काढणे ही तिसरी. पुस्तकात या तीन वाटा एकाच गावाला जातात. प्रत्यक्षात त्या कोठे जातात ते पाहा.

समजा, पुण्यात एखाद्या पेठेत चार गुंठ्यांवर एक जुना वाडा आहे. सागवानी खांब, भेंड्यांच्या भिंती, आणि आत सहा भाडेकरू. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यावर आणून बांधले होते. तो कायदा जाऊन १९९९ चा आला, त्यात वर्षाला शेकडा चार अशी वाढ मिळाली. पण मूळ आकडाच इतका क्षुद्र की, वाढून वाढून तो वाढणार किती? धरून चालू की, एकेका बिऱ्हाडाकडून महिना दीडशे रुपये येतात. म्हणजे सहा बिऱ्हाडांचे नऊशे, वर्षाचे दहा हजार आठशे. पट्टी व दुरुस्ती बाजूस ठेवली आणि शेकडा आठ या दराने भांडवल काढले, तर वाड्याची किंमत एक लाख पस्तीस हजार रुपये होते! आता तीच जागा मोकळी आहे असे मानून चौरस फुटास दहा हजारांचा भाव लावा. चार गुंठ्यांचे चार हजार तीनशे छप्पन चौरस फूट होतात, आणि किंमत सव्वाचार कोटींच्या वर जाते. तोच वाडा, तोच दिवस, तीच मोजपट्टी. यांतला खरा आकडा कोणता? जाणता मूल्यांकनकार सांगेल की, दोन्ही नव्हेत. भाडेकरूंना काय देऊन त्यांची संमती मिळेल, चटईक्षेत्र किती मिळेल, भाऊबंदांत तंटा आहे की काय, यांवर तो आकडा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. आणि तो विक्रीसाठी विचारला आहे, कर्जासाठी विचारला आहे, की वाटणीसाठी, यावरही तो हलतो.

शेजारचे व्यवहार पाहावे म्हटले तर तेथे आणखी एक अडचण. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक दोनचे उतारे मिळतात. त्यांवर खरेदीखतातील रक्कम असते. पण आपल्या समाजात खरेदीखताची रक्कम आणि हातात पडलेली रक्कम या दोहोंत किती अंतर असते, हे सभ्य वाचकांना मी सांगावयास नको. मुद्रांक शुल्क ज्यावर बसते तो सरकारी दराचा तक्ता, रेडी रेकनर, एक आकडा सांगतो. खत बहुधा त्याच्या लगत येऊन थांबते. आणि दलाल चहा पिता पिता तिसराच सांगतो. म्हणजे ज्या पुराव्यावरून या माणसाने सत्य काढावयाचे तो पुरावाच पुष्कळदा आपण सर्वांनी मिळून खोटा करून ठेवलेला असतो. मूल्यांकनकारांना नावे ठेवताना ही आपल्या घरची गोष्ट विसरू नये.

तेव्हा भाच्याच्या शंकेचा पाया खरा आहे. मिळकतीच्या पोटात तिचा खरा आकडा लिहिलेला नसतो. मूल्यांकन हे मत आहे. आणि मत जर असेल तर ते चुकेल, उणे-अधिक होईल. पण ते खोटे कसे होईल? खोटे बोलावयाला अगोदर खरे ठाऊक असावे लागते ना?

याचे उत्तर मला माझ्याच आयुष्यातल्या एका लाजिरवाण्या आठवणीत सापडले. मी शिक्षक होतो व बरीच वर्षे बाहेरच्या परीक्षांचे पेपर तपासत असे. निबंधाला वीसांपैकी गुण द्यावयाचे. एखाद्या निबंधाला सात द्यावे की नऊ, हे देवालासुद्धा सांगता येणार नाही. दोन प्रामाणिक परीक्षक दोन वेगळे आकडे देतील आणि दोघेही बरोबर असतील. एका वर्षी एका स्नेह्याने बोलता बोलता एक बैठक क्रमांक माझ्या कानावर घातला. मागितले काहीच नाही, नुसता क्रमांक. तो गठ्ठा निघाला, तो निबंध आला, आणि मी त्याला नऊ दिले. कोणीही ती उत्तरपत्रिका पुन्हा तपासली असती तर नऊ हे गुण अयोग्य आहेत असे म्हणता आले नसते. तरीसुद्धा मी खोटेपणा केला हे मला त्याच क्षणी कळले होते. का कळले? कारण इतर सर्व उत्तरपत्रिकांत मी निबंध वाचत होतो आणि गुण शेवटी येत होते. या एकीत गुण अगोदर येऊन बसले होते आणि मी त्यांच्यासाठी निबंधात कारणे शोधत होतो. सुंदर अक्षर, एक बरा दृष्टांत, शुद्धलेखन. सगळे खरेच होते. पण मी ते पाहिले नव्हते, वेचले होते.

भाच्याला मी हे सांगितले. आकडा एक चाळीस की एक साठ, येथे तुझे खरे-खोटे नाही. तू सही कशाखाली करतोस ते पाहा. मूल्यांकनाच्या अहवालात आकडा हा एका ओळीचा असतो. बाकीची पंधरा पाने ‘मी जागा पाहिली, हे व्यवहार तपासले, अमुक कारणाने अमुक फेरफार केले, आणि त्यावरून या मतास आलो’ असे सांगतात. तुझ्या सहीने तू जगाला जी ग्वाही देतोस ती या ‘त्यावरून’ या शब्दाची. पेन्सिलीचा आकडा घेऊन तू उलटा चाललास तर पंधरा पानांतले प्रत्येक वाक्य खरे असूनही हा एक शब्द खोटा होतो. मत चुकीचे असू शकते एवढेच नव्हे, तर ते मत नसूही शकते. आणि जे आपले मत नाही ते आपले मत म्हणून सांगणे याला असत्याखेरीज दुसरे नाव मला ठाऊक नाही. व्यवसायाच्या आचारसंहितेतही हे ओळखलेले दिसते. ग्राहकाच्या सोयीसाठी केलेली मूल्यांकने तिने नाव घेऊन निषिद्ध केली आहेत, आणि काम फत्ते झाले तर अधिक मोबदला, असा करारही मूल्यांकनकाराला वर्ज्य केला आहे. ज्याला आकड्याच्या मोठेपणात वाटा आहे त्याच्या हातून आकडा शेवटी येईल ही अपेक्षाच व्यर्थ होय.

“पण मी नाही म्हटले तर दुसरा करील,” भाचा म्हणाला. हा युक्तिवाद पृथ्वीइतका जुना असेल. मात्र त्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो झटकून टाकण्याचा आपणा सुखवस्तू लोकांना अधिकार नाही. माझ्या नऊ गुणांनी माझे पोट भरत नव्हते. त्याचे भरणार आहे.

एकट्या माणसाच्या सचोटीला बाजार काय करतो, याचे उदाहरण अमेरिकेत सर्व जगासमोर घडले आहे. तेथे १९८९ पर्यंत बहुतेक ठिकाणी वाटेल त्याने पाटी लावावी आणि घरांच्या किमती ठरवाव्या, अशी स्थिती होती. १९८० नंतरच्या दशकात तेथील बचत-व-कर्ज संस्था एकामागून एक बुडाल्या. १९८६ ते १९९५ या काळात त्यांची संख्या हजारावर गेली. आणि भलत्याच फुगवलेल्या तारणांचा त्यांत मोठा हात होता, असे आढळून आले. तेव्हा १९८९ च्या कायद्याने प्रत्येक राज्याकडून मूल्यांकनकारांना परवाने देण्याची व्यवस्था झाली. शिक्षण, अनुभवी माणसाच्या हाताखाली ठरावीक तासांची उमेदवारी, परीक्षा, आचारसंहिता, सारे आले. आता सर्व ठीक होईल असे वाटावे. पण २००० ते २००७ या वर्षांत तेथील मूल्यांकनकारांच्या संघटनांनी सरकारकडे एक अर्ज फिरवला. त्यावर सुमारे अकरा हजार मूल्यांकनकारांच्या सह्या झाल्या. तक्रार एवढीच होती की, कर्ज देणारे आम्हांला आकडा अगोदर सांगतात आणि जो ऐकत नाही त्याचे नाव काळ्या यादीत घालून काम दुसऱ्यास देतात. २००८ साली घरांच्या किमतींचा तो डोलारा कोसळला आणि त्याखाली कोण कोण चिरडले हे सर्वश्रुत आहे. त्या आपत्तीची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या २०११ च्या अहवालात या अर्जाची नोंद आहे. मूल्यांकनकारावर दडपण आणणे हाच गुन्हा, असे कलम तेथे २०१० च्या कायद्यात आले. म्हणजे अर्ज फिरू लागल्यावर दहा वर्षांनी.

मला या हकिकतीत सह्या करणारांचे अधिक नवल वाटते. अकरा हजार लोक परवानाधारक होते, शिकलेले होते, आणि आपल्याकडून काय करवून घेतले जात आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांतल्या कित्येकांनी नकार दिला असेल व कामे गमावली असतील. कित्येकांनी दिवसा आकडा लिहिला असेल आणि रात्री अर्जावर सही केली असेल. या दुसऱ्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. परवान्याने माणूस सत्यवादी होत नाही. परंतु ‘माझा परवाना जाईल हो’ असे म्हणावयाला त्याला एक सबब मिळते, आणि दुर्बळ माणसाला चांगले वागण्यासाठी अशा सबबीची पुष्कळदा गरज असते. त्या सबबीमागे उभे राहणारे कोणी नसेल तर मात्र ती सबब हास्यास्पद होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, घरजागेच्या विक्रीची रीत सांगितली आहे ती येथे आठवते. आप्त, शेजारी आणि सावकार यांना क्रमाने घेण्याचा हक्क. विक्री जाहीर करावयाची ती शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष, घरासमोर उभे राहून. आणि चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेला भाग राजाच्या कोशात जावयाचा. त्या व्यवस्थेत लबाडी नव्हती असे समजण्याइतका मी भाबडा नाही. पण मोल तेव्हा चारचौघांदेखत बोलले जात होते, आणि ते फुगवून ज्याला लाभ व्हावा असा माणूस ते बोलत नव्हता. आज चाळीस कुळांच्या जागी एक सही आहे. आकडा ज्यांच्या जिवावर उठणार, तो ठेवीदार, किंवा खुद्द तो कर्जदार, जो आपल्या ऐपतीबाहेरचे कर्ज मिळाल्याबद्दल पेढे वाटणार आहे, त्यांच्यापैकी कोणीही ती पंधरा पाने वाचत नाही. मूल्यांकनकार एकटा मोजपट्टी घेऊन घरात हिंडतो तेव्हा तो त्या गैरहजर माणसांचा प्रतिनिधी असतो. फी मात्र हजर असलेला देतो.

आतापर्यंत फुगवलेल्या मोलाविषयी लिहिले. पण मला अधिक छळणारी बाजू दुसरी आहे, आणि तिथे मूल्यांकनकार प्रामाणिक असूनही माझे समाधान होत नाही. माझ्या मावशीची जमीन एका तलावाखाली गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. सरकारी माणसे आली. त्यांनी आंब्याची झाडे मोजली, प्रत्येकाचे वय विचारले, विहिरीची खोली व बांधकाम लिहून घेतले. कामात कुचराई केली नाही. उलट शेवग्याचे एक झाड राहिले होते ते त्यांनी आपण होऊन धरले. मावशी ओट्यावर बसून होती. ती एवढेच म्हणाली, “मला विकायचीच नाही, हे कुठे लिहून घेताहात?” त्या कारकुनाने मान खाली घातली. तसा रकानाच नव्हता.

रकाना नव्हता याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४ मध्ये भरपाई ठरवताना कोणत्या गोष्टी मुळीच विचारात घ्यावयाच्या नाहीत याची यादी होती. आणि जमीन देण्याविषयी मालकाची नाखुशी ही त्या यादीत स्पष्ट शब्दांत घातलेली होती. मूल्यांकनाचे सगळे शास्त्र एका कल्पनेवर उभे आहे: घेणारा राजीखुशीने घेत आहे, देणारा राजीखुशीने देत आहे, घाई कोणालाच नाही. विशाखापट्टणमच्या बंदराजवळच्या एका जमिनीचा खटला १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. त्या जमिनीत पाण्याचा झरा होता. त्याचा उपयोग करू शकेल असा गिऱ्हाईक एकटा संपादन करणाराच असला, तरी त्या झऱ्याच्या संभाव्य उपयोगाचे मोल मालकाला मिळाले पाहिजे, असा तेथे न्याय झाला. निर्णय उदार आहे. मूल्यांकनाच्या अभ्यासकांना तो आजही वाचावा लागतो. पण त्यातही विकणारा हा खुशीचा विकणारा आहे असे मानूनच चालावयाचे असते. मुळशी पेट्यातले मावळे १९२१ साली सेनापती बापटांच्या पाठीमागे उभे राहिले, ते दर वाढवून घेण्यासाठी नव्हे. त्यांचे म्हणणे कायद्याच्या भाषेत मांडावयाचे तर कलम २४ ने वगळलेली तीच एक गोष्ट ते बोलत होते.

मग मूल्यांकनकाराने मावशीची नाखुशी आकड्यात मिळवावयास हवी होती काय? तरुणपणी मी होय म्हटले असते. आज मला तसे वाटत नाही. त्याने दयेने आकडा वाढवला असता तर तोही अगोदर ठरवलेला आकडाच झाला असता. पेन्सिल तेवढी चांगल्या माणसाच्या हातात असती. आणि दयेचा दर कोणी ठरवावा? गावातल्या ज्या माणसाला रडता येत नव्हते त्याच्या जमिनीला तो दर लागला नसता. कायद्याने सक्तीबद्दल वेगळी रक्कम ठेवली होती: १८९४ मध्ये बाजारभावाच्या शेकडा पंधरा, १९८४ मध्ये शेकडा तीस, आणि १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यात शेकडा शंभर. या चढत्या आकड्यांत मला एक कबुली दिसते. नाखुशी ही बाजारभावात धरता येत नाही. पण ती शून्य नव्हे, आणि तिचा रकाना वेगळा पाहिजे, हे समाजाला सव्वाशे वर्षांत हळूहळू उमगत गेले. मूल्यांकनकाराकडे मागावयाचे ते एवढेच की, आपला आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्याने स्वच्छ लिहावे. ‘ही जमीन बाजारात कितीला जाईल’ या प्रश्नाचे उत्तर त्याने ‘या बाईचे किती गेले’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून कोणाला वापरू देऊ नये. त्या कारकुनाने मान खाली घातली, याबद्दल मी अजूनही त्याचा ऋणी आहे. पण तेवढ्याने मावशीचे काही भागले नाही, हेही खरे.

भाच्याशी या विषयावर तीन-चार रात्री बोलणे झाले. सगळेच त्याला पटले असे नाही. परीक्षकाचा दृष्टांत त्याला मान्य झाला, पण “तुमचा स्नेही तुमचा पगार देत नव्हता,” असे त्याने मला बजावले, आणि ते योग्यच होते. त्या बंगलीच्या कामाचे पुढे काय झाले हे मी विचारले नव्हते. त्याने आपण होऊन सांगितले की, त्याने एक बेचाळीस असा अहवाल तयार करून वयस्कर गृहस्थांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, एका जागी घसाऱ्याची चूक काढली, त्यामुळे तो एक एक्केचाळीस झाला, आणि त्याखाली सही केली. त्यानंतर त्या संस्थेकडून कचेरीत नवे काम आले नाही. “अजून तरी आलेले नाही,” तो म्हणाला.

मार्गशीर्षात त्याची परीक्षा झाली. उत्तीर्ण झाल्याचे कळवावयास तो पेढे घेऊन आला, तेव्हा मी थट्टेने म्हटले, “आता पहिले काम मामाचे. या घराचे मोल काय ते सांग; तुझ्या मामीला फार दिवसांची उत्सुकता आहे.” त्याने सवयीने एकदा आढ्याकडे पाहिले, भिंतीला ओल आली होती तिथे बोटाने टकटक केली, आणि मग हात मागे घेतला.

“मला नाही करता येणार, मामा,” तो म्हणाला. “नात्यातली मिळकत आहे. दुसऱ्या कोणाला तरी सांगा. हवे तर दोन चांगली नावे देतो.”